हुरड्याची गोडी येते कुठून?

परवा आमच्या गटाच्या बैठकीत वाद झाला. वैरण संपत आलेली, शेतात ज्वारी निसवलेली. एक ताई म्हणाली, "हिरवी पानं ओरबाडून गाईला घातली तर काय बिघडलं? कणीस तर जागेवरच राहतंय!" निम्म्या जणी हो म्हणाल्या. म्हणून आजचा विषय हाच घेतलाय.

पीक मातीतून अन्न खातं, असं आपण सहज म्हणतो. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट नावाच्या युरोपातल्या वैद्याने हे तपासलं. सुमारे ९० किलो कोरडी माती कुंडीत भरून त्यात वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड सव्वादोन किलोचं सुमारे ७७ किलो झालं. माती किती घटली? जेमतेम ५७ ग्रॅम! मग झाड केवळ पाण्यातूनच वाढलं, असं त्याला वाटलं. ते अर्धंच खरं होतं.

उरलेला अर्धा भाग हवेत होता. पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, मुळांकडून पाणी येतं, पानातलं हिरवं द्रव्य ऊन पकडतं आणि त्या उन्हाच्या बळावर साखर तयार होते. प्राणवायू बाहेर पडतो. माती क्षार देते, तेही हवेतच, पण थोडे. चुलीत काटकी जळते तेव्हा निघणारी धग म्हणजे कधीतरी पानाने धरलेलं ऊनच की!

या साखरेतली काही झाड स्वतःच्या जगण्यावर खर्च करतं, अगदी रात्रीसुद्धा. बाकीची मुळांना, खोडाला आणि दाण्याला जाते. हुरडा गोड लागतो तो त्यामुळेच. दाणा दुधाळ असताना आलेली साखर अजून साखरच असते. पुढे तिचं पिठूळ स्टार्च होतं, दाणा टणक होतो, गोडी जाते. पण भाकरीचा घास सावकाश चावून बघा, लाळेमुळे तो पुन्हा गोडसर लागतो.

आता त्या ताईचा प्रश्न. दाण्यात भरणारी बरीचशी साखर कणीस बाहेर पडल्यानंतर बनते, आणि ती मुख्यतः वरच्या हिरव्या पानांत. तीच पानं ओरबाडली तर कणीस जागेवर राहील, पण दाणे बारीक, पोचट. खालची पिवळी पडू लागलेली पानं मात्र खुशाल काढा, त्यांचं काम संपत आलेलं असतं. आणि एक सांगायचं राहिलं: कोवळी किंवा पाण्याच्या ताणाने सुकलेली ज्वारी गुरांना विषारी ठरू शकते, ती घालू नका.

"मग आज गाईला काय घालू?" ताईने विचारलंच. शेजारच्या उसाची तोड चालू होती. तिथून दोन भारे वाढं आणायचं ठरलं. कापणीनंतर कडबा निघाला की त्याच्या बदल्यात दोन पेंढ्या द्यायच्या.