रानपिंगळ्याचं तोरणमाळ

तोरणमाळला निघालेली गाडी शहादा सोडते, तेव्हा आतल्या मंडळींना वर पोहोचायची घाई झालेली असते. साडेतीन हजार फुटांहून उंच पठार, कमळांचं तळं, यशवंत तलाव, सीताखाईची दरी आणि गोरखनाथाचं मंदिर एवढं एका दिवसात उरकायचं म्हटल्यावर वाटेत कोण थांबतो? पक्षी पाहायला आलेल्या माणसाने मात्र ही घाई करू नये. सातपुड्यातलं सगळ्यात मोलाचं पाखरू पठारावर नाही, खालच्या सागाच्या उतारांवर आहे.

हे पाखरू म्हणजे रानपिंगळा. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांना तो आजच्या छत्तीसगडमध्ये मिळाला आणि पुढच्याच वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी ब्लेविटचंच नाव देऊन त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने जमवले. त्यातला शेवटचा १८८४चा. त्यानंतर रानपिंगळा राहिला तो संग्रहालयाच्या खणांत, पोटात कापूस भरून आणि पायाला चिठ्ठी बांधून. अनेक पक्षीतज्ज्ञांनी शोधूनही तो हाती लागेना.

न लागण्याला एक लबाडीही कारण होती. रिचर्ड माइनरट्झहॅगन या नामांकित ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीजवळ रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा चोरी उघड झाली. ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच पक्षी उचलून, पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. मांडवीवर फुली बसल्यावर जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना घेऊन रासमुसेन आधी पूर्वेकडच्या जागा धुंडाळून आल्या आणि मग शहाद्याला पोहोचल्या. २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उन्हात बसलेला दिसला. मध्ये ११३ वर्षं गेली होती. ती जगासाठी. इथल्या भिल्ल-पावरा पाड्यांवर गुरं वळणाऱ्यांच्या डोक्यावरून तो या सगळ्या काळात उडतच असणार.

घुबड म्हटलं की आपण रात्र गृहीत धरतो. रानपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. हिवाळ्यात सकाळी तो झाडाच्या उघड्या शेंड्यावर ऊन खात बसतो. पाहायची वेळ तीच. गावातला नेहमीचा पिंगळा डोक्यावर पांढरे ठिपके मिरवतो, तर जंगलातला दुसरा एक पिंगळा अंगभर आडव्या पट्ट्यांचा असतो. रानपिंगळ्याचं डोकं मात्र करडं-तपकिरी, जवळजवळ कोरं. पोट पांढरंशुभ्र, छाती गडद आणि शेपटीवर रुंद ठसठशीत पट्टे. पाय बघा: पिसांच्या विजारीत घातल्यासारखे जाड, नखं दणकट. एवढ्याशा पक्ष्याला हे पाय मोठेच वाटतात, पण सरडे, सापसुरळ्या आणि उंदीर धरायला ते लागतात. खाली पाचोळ्यात काही हललं की शेपटी डावी-उजवीकडे झटकायला लागते. दुर्बीण तेव्हा खाली घेऊ नये.

बाकी पाखरांची इथे वाण नाही. धनेश, नीलपंख, तांबट, सुतार हे सगळे भेटतात. मोहाची फुलं गळायला लागली की अस्वलंही झाडाखाली येतात, म्हणून पहाटे एकट्याने पायवाटेने जाऊ नये, गावातला माणूस बरोबर घ्यावा. त्याला द्यायचे पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका.

रानपिंगळा पुढे मेळघाटात, यावलमध्ये, मध्य प्रदेशात आणि अगदी मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही सापडला. २०१८ साली त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत हलवलं. बढती म्हणावी तर तशी नाही. तो ढोलीत घरटं करतो, आणि ढोली लागते ती जुन्या झाडालाच. तोड आणि अतिक्रमणात पहिली जातात तीही जुनीच झाडं. शिवाय घुबडाच्या अंगाला जादूटोण्याचं गिऱ्हाईक असतंच. आपल्या हौशी मंडळींचाही यात थोडा हात आहे. फोटोसाठी मोबाइलवर त्याची हाक पुन्हा पुन्हा वाजवली, की दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून तो शिकार आणि पिल्लं सोडून धावत येतो. फोटो मिळतो, पण त्याची सकाळ वाया जाते.

जायचं डिसेंबर ते फेब्रुवारीत, साग उघडा पडल्यावर. शहाद्याला मुक्काम करून उजाडायच्या आत निघावं, दहापर्यंत पायथा पाहावा आणि मग घाट चढून वर जेवायला जावं. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते. ती पाहायची असेल तर जरूर जा, दुर्बीण मात्र घरीच ठेवा.