तपासनिसांची परीक्षा

उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने पडलेला आकडा म्हणजे मोहोर उठलेला दस्तऐवज, त्यात विद्यार्थ्याच्या योग्यतेखेरीज अन्य कशाचाही अंश नाही, अशी श्रद्धा विसाव्या शतकाच्या आरंभी पालकांपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वत्र नांदत होती. इंग्लंडात एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ सालीच संख्याशास्त्राच्या आधारे तिच्याविषयी शंका उपस्थित केली होती. परंतु विद्वानांच्या नियतकालिकातील ती शंका शाळाखात्यांच्या दप्तरांपर्यंत पोचण्याचे कारण नव्हते. तिला व्यवहाराच्या चावडीवर आणले ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघा अध्यापकांनी.

त्यांची युक्ती अगदी सरळ होती. माध्यमिक शाळेतील दोन मुलांच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका, अक्षरवळण आणि चुकांसकट, हुबेहूब छापून त्यांनी निरनिराळ्या शाळांतील शिक्षकांकडे तपासण्यासाठी पाठविल्या. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १४२ शिक्षकांनी दिलेल्या गुणांचा हिशेब आहे: एका पत्रिकेस ६४ पासून ९८ पर्यंत आणि दुसरीस ५० पासून ९८ पर्यंत गुण पडले होते. भाषेचा विषय रसिकतेचा, तेथे मतभेद व्हायचेच, असा आक्षेप येणार हे उघड होते. तेव्हा पुढल्याच वर्षी त्यांनी भूमितीची पत्रिका घेतली, आणि जेथे सिद्धता एक तर बरोबर असते किंवा चूक, अशी सर्वांची समजूत, त्या शास्त्रात शंभरांहून अधिक शिक्षकांचे गुण २८ पासून ९२ पर्यंत पसरले! कोणी टापटीप नाही म्हणून गुण कापले होते, कोणी केवळ सिद्धतेकडे पाहिले होते. आणि प्रत्येकाची आपल्या न्यायबुद्धीविषयी खात्री होती. (हेच स्टार्च पुढे जाहिराती कोण किती वाचतो हे मोजण्याच्या धंद्यात प्रसिद्धीस आले. वाचणाऱ्याच्या मनाविषयीचे कुतूहल मात्र तेच राहिले, असे मला वाटते.)

निरनिराळे तपासनीस निरनिराळे मत देतात, एवढ्यावर प्रकरण थांबते, तर दोन-तीन तपासनिसांच्या गुणांची सरासरी काढून समाधान मानता आले असते. पण १९३५ साली सर फिलिप हार्टोग आणि त्यांचे सहकारी ऱ्होड्स यांनी इंग्लंडात जे दाखविले, ते अधिक अस्वस्थ करणारे होते. हार्टोग यांचे नाव आपल्या लोकांस परके नाही. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सॅडलर कमिशनचे ते सभासद, ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि भारतातील शिक्षणाविषयीच्या १९२९ च्या हार्टोग समितीचे अध्यक्ष. परीक्षेवाचून ज्यांचा व्यवहार चालत नाही, अशी आपली विद्यापीठे त्यांनी जवळून पाहिली होती.

पूर्वी सारखेच मध्यम गुण मिळालेल्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका या दोघांनी पंधरा अनुभवी परीक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घेतल्या, आणि वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने, पहिल्या गुणांचा मागमूस न ठेवता, त्यांतील चौदा जणांपुढे त्याच पत्रिका पुन्हा ठेवल्या. या २१० निवाड्यांपैकी ९२ ठिकाणी परीक्षकाने स्वतःचाच निकाल फिरविला. पूर्वी नापास केलेल्यास पास, पास केलेल्यास नापास किंवा विशेष योग्यतेचा. दुसऱ्याशी न जमणे समजण्यासारखे आहे. येथे तपासनीस स्वतःशीच सहमत नव्हता, आणि तेही बेपर्वाईने नव्हे, तर मन लावून काम करीत असता.

अमेरिकेने यावर शोधलेला तोडगा म्हणजे दिलेल्या उत्तरांपैकी योग्य उत्तरावर खूण करावयाची चाचणी. कॅन्ससमध्ये फ्रेडरिक केली यांनी १९१४ च्या सुमारास तशी वाचनचाचणी रचली, आणि पहिल्या महायुद्धात सतरा लाखांच्या आसपास सैनिकांवर अशाच धाटणीच्या चाचण्या वापरल्या गेल्या. अशा चाचणीत कोणीही तपासले तरी गुण तेच पडतात. मात्र भूमितीची सिद्धता मांडता येते की नाही, हे कळण्यासाठी ती विद्यार्थ्याकडून लिहूनच घ्यावी लागते, आणि ती कोणीतरी वाचावीच लागते.