कारखाना आणि कायदा (लेखांक 7) : तापाचे पहिले दोन दिवस

मागच्या लेखात भरपगारी सुट्ट्यांचा हिशेब पाहिला. आता आजारपण. कारखाना सरकारी असला, मग दारूगोळ्याचा असो की रेल्वेचे वर्कशॉप, एकाच शेडमध्ये दोन जातींचे कामगार असतात : कायम आणि कंत्राटी. डेंगी दोघांना सारखाच होतो. खाडा मात्र सारखा पडत नाही.

कायम माणसाचे थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारच्या कायम कर्मचाऱ्याच्या खात्यावर वर्षाला 20 दिवसांची अर्धपगारी रजा जमा होते. वैद्यकीय दाखला जोडला की असे दोन दिवस मोडून पूर्ण पगाराचा एक दिवस घेता येतो. न वापरलेली रजा साठत जाते. वीस वर्षे धडधाकट राहिलेल्याला अचानक मोठे ऑपरेशन निघाले, तर हीच शिल्लक घर चालवते.

सरकारी कारखान्याला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू नसते, असे सर्रास सांगतात. ते अर्धेच खरे. 1948 च्या कायद्याने सरकारी कारखानेही धरले होते. सूट मिळाली ती कर्मचाऱ्यांना तेवढेच किंवा त्याहून चांगले लाभ आधीपासून देणाऱ्या कारखान्यांना. कंत्राटी कामगाराला ते लाभ कुठे आहेत? म्हणून महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कंत्राटी कामगाराला ईएसआयचाच आधार. त्याच्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात, मालकाचे 3.25 टक्के.

समजा रोज 600 रुपये आहे आणि माणूस पाच दिवस तापाने पडला. भत्ता सरासरी रोजाच्या 70 टक्के, म्हणजे 420. पण पहिल्या दोन दिवसांचा भत्ताच नाही. बुडाले 3,000, हाती आले 1,260. (पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला, तर हे दोन दिवस पुन्हा कापत नाहीत, एवढीच दया.) खोट्या दांड्या रोखायला हा नियम. घडते असे की खरा तापलेला माणूस गोळी घेऊन मशीनवर उभा राहतो. जिथे स्फोटके भरली जातात तिथे ही काटकसर मला तरी वेडेपणाची वाटते.

दाखला ईएसआयच्या डॉक्टरचाच लागतो. मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेऊन घरी काढलेला दिवस हिशेबात येत नाही. वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. टीबी, कॅन्सरसारख्या ठरावीक आजारांत 80 टक्क्यांनी, दोन वर्षांपर्यंत.

खरी मेख पुढेच आहे. भत्ता हवा तर आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा हक्क. कंत्राट संपले, नवी निविदा रखडली, कामगार घरी बसला, की दिवस कमी पडतात. कापलेली वर्गणी न भरणारे कंत्राटदारही असतात. अशा वेळी जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे कारखान्याची. लेबर ऑफिसला हे पक्के ठाऊक असते, कामगाराला नसते.

तेव्हा आजारी पडायच्या आधीच आपल्या विमा क्रमांकावर किती दिवस जमा आहेत ते पाहा. कमी दिसले तर कंत्राटदाराच्या मागे न फिरता कारखान्याच्या लेबर ऑफिसात लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.