परदेशी जोडीदार आणि न मागता मिळणारी जात

दलित समाजातला तरुण परदेशी शिकायला जातो, ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. शिकायला गेलेल्यांपैकी काहीजण तिथेच लग्न करतात आणि त्यांतले काही जोडीदाराला घेऊन मायदेशी परततात. या परतण्याचा आपण अजून गंभीरपणे विचार केलेला नाही. वाड्यात 'मडम' आली की चार दिवस कौतुक होते. पण पाचव्या दिवसापासून जे प्रश्न सुरू होतात, त्यांची उत्तरे त्या दोघांनी एकट्यानेच शोधावीत अशी आपली समजूत दिसते.

माझा एक माजी विद्यार्थी इंग्लंडमध्ये आहे. त्याची पत्नी इंग्रज आहे. त्याने मला विचारले, "सर, आम्ही परत यायचं म्हणतोय. ती इथं काय म्हणून राहील? आणि उद्या आमच्या लेकराला जातीचा दाखला मिळेल का?" मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. पासपोर्ट कसा असतो हे आमच्या घरात कुणी पाहिलेले नव्हते. ज्यांच्या घरात वकील, अधिकारी असतात त्यांना ही माहिती जेवताना मिळते. आपल्याला ती शोधावी लागते. म्हणून जे शोधून हाती लागले ते येथे मांडतो आहे.

पहिला प्रश्न विवाहाचा. आपल्याकडे बौद्ध पद्धतीने लग्न लावले की ते झाले, असे आपण मानतो. दोघेही बौद्ध असतील तर ते बरोबर आहे, कारण १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू होतो. परंतु वधू किंवा वर ख्रिस्ती वा अन्य धर्माचा असेल तर केवळ विधीने त्या कायद्याखालचा विवाह होत नाही. अशा जोडप्यासमोर तीन मार्ग असतात. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे लग्न करणे, १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली भारतीय वकिलातीत लग्न करणे, किंवा भारतात येऊन १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करणे. शेवटच्या मार्गात दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य हवे आणि नोटीस देऊन आणखी तीस दिवस थांबावे लागते. विधी आनंदासाठी जरूर करावा. मात्र नोंदणीचा कागद हाती नसेल तर पुढचे एकही दार उघडत नाही.

दुसरा प्रश्न राहण्याचा. परदेशी जोडीदार प्रथम व्हिसावर येतो. नोंदलेले लग्न सलग दोन वर्षे टिकले असेल तर त्याला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. स्वतः अर्जदार किंवा त्याचे आईवडील, आजोबा-पणजोबा कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक असतील, तर हे कार्ड मिळत नाही. या कार्डाच्या नावात 'सिटिझन' हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. घटस्फोट झाला तर लग्नाच्या आधारे मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते. खरे नागरिकत्व हवे असेल तर भारतात सात वर्षांचे वास्तव्य लागते आणि आपल्या देशाचे नागरिकत्व सोडावे लागते.

या कायद्यांत पुरुषसत्तेचा इतिहासही दडलेला आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने भारतीय पुरुषाच्या परदेशी पत्नीला लग्नाच्या नात्याने नोंदणीचा मार्ग दिला. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला तो दिला नाही. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्री'च्या जागी 'व्यक्ती' आली. परदेशी जन्मलेल्या मुलाला आईच्या नात्याने भारतीय नागरिकत्व मिळू लागले तेही डिसेंबर १९९२ पासून. तोवर बापच नागरिक असावा लागे.

आता एक मोठे उदाहरण पाहू. के. आर. नारायणन केरळमधील उळवूरच्या एका गरीब, अस्पृश्य गणल्या गेलेल्या कुटुंबात जन्मले. टाटांच्या शिष्यवृत्तीवर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, १९४८ मध्ये परतले आणि १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आले. रंगूनला नेमणूक असताना त्यांची मा टिंट टिंट यांच्याशी ओळख झाली. परराष्ट्र सेवेतल्या माणसाने परदेशी स्त्रीशी लग्न करायचे तर खास परवानगी लागत होती. पंतप्रधान नेहरूंनी ती दिली आणि १९५१ मध्ये दिल्लीत हा विवाह झाला. मा टिंट टिंट उषा नारायणन झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या. १९९७ मध्ये पती राष्ट्रपती झाले तेव्हा ब्रह्मदेशात जन्मलेली ही स्त्री राष्ट्रपती भवनात आली. त्यांची एक मुलगी पुढे भारताची राजदूत झाली.

या उदाहरणाने आपला ऊर भरून येतो, आणि यावाही. तथापि त्यातला एक तपशील नजरेआड होतो. १९८४ मध्ये नारायणन लोकसभेवर निवडून आले ते ओट्टपालम या राखीव मतदारसंघातून. म्हणजे लंडनची पदवी, राजदूतपद आणि परदेशी पत्नी यांपैकी कशानेही त्यांची जन्मजात कायदेशीर ओळख बदलली नव्हती. दलिताने कोणाशीही लग्न केले तरी त्याची जात तीच राहते. स्त्रीच्या बाबतीतही हेच खरे आहे. अनुसूचित जातीच्या स्त्रीने जातीबाहेर लग्न केले म्हणून तिची जात जात नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे.

मग परदेशी जोडीदाराचे काय? कायद्याच्या दृष्टीने त्याला जात नाही, आणि लग्नाने ती मिळतही नाही. लग्नामुळे मागासवर्गाच्या सवलती मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वल्सम्मा पॉल प्रकरणात सांगितले. ते योग्यच आहे. ज्याने जन्मापासून ते चटके सोसले नाहीत त्याला त्या सवलती का मिळाव्यात?

परंतु समाज न्यायालयाचे ऐकून चालत नाही. माझा विद्यार्थी सुट्टीत पत्नीसह आला आणि जिल्ह्याच्या गावी खोली पाहू लागला. परदेशी माणूस ठेवला की घरमालकाला फॉर्म भरून सरकारला कळवावे लागते. घरमालक आनंदाने तयार होता. इंग्रज बाई आपल्या घरात राहणार याचाच त्याला अभिमान वाटत होता. मग त्याने आडनाव विचारले, गाव विचारले, गावात घर कोणत्या बाजूला ते विचारले. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, "त्या फॉर्मची भानगड नको." फॉर्म कालचाच होता. बदलली होती ती बाईची जात.

येथे या प्रश्नाचे मर्म आहे. या देशाचे नागरिकत्व मिळवायला परक्या माणसाला अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, सात वर्षे थांबावे लागते. जात मात्र एका रात्रीत मिळते, विनाअर्ज, विनामूल्य. आणि जात मिळाली तरी जातीपासूनचे संरक्षण मिळत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरायचा तर ज्याच्यावर अत्याचार झाला ती व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असावी लागते. नवऱ्याच्या जातीवरून परदेशी पत्नीलाच शिवी दिली तर? शिवी दलिताची, पण जिला दिली ती कायद्याने दलित नाही. या पोकळीचा विचार आपल्या वकील मित्रांनी करायला हवा.

उरला प्रश्न लेकरांचा. मूल परदेशी जन्मले तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद करावी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मूल तिथले नागरिक म्हणून वाढले आणि पुढे ओसीआय कार्डावर आले, तर बाप दलित असूनही त्याला आरक्षणाचा हक्क सांगता येणार नाही, कारण हा हक्क नागरिकाचा आहे. त्याशिवाय दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तो बहुधा बापाच्या बाजूने मागितला जातो. आई दलित आणि बाप परदेशी असेल तर वाट अधिक बिकट होते. पण ती बंद नाही. मुलाची जात बापाचीच हे गृहीतक अंतिम नाही, मूल आईच्या समाजात वाढले आणि त्याने तीच अवहेलना सोसली हे पुराव्याने दाखवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे. आपल्या लेकींना हे माहीत असले पाहिजे.

परदेशी लग्नाने जात मोडते का? १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे. या दृष्टीने असा प्रत्येक विवाह त्या प्राणावरचा घाव आहे. पण समुद्रापलीकडच्या माणसाशी लग्न करताना गावातली भिंत जागेवरच राहते. गावातला सवर्ण बाप 'मडम'चे कौतुक करतो, कारण त्याची लेक या लग्नात गुंतलेली नसते. आणि ती 'मडम' गोरी नसून काळी असती तर ते कौतुकही झाले नसते. स्वतः बाबासाहेब १९१७ मध्ये परदेशातून परतले तेव्हा बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. अस्पृश्यतेच्या आठवणींच्या आपल्या टिपणाला त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे नाव दिले ते उगाच नव्हे. आपल्याच देशात व्हिसाची वाट पाहणाऱ्या माणसाने जोडीदारासाठी दुसरा व्हिसा मागावा, अशी ही परिस्थिती आहे.

म्हणून परत येणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की कागद पक्के करून या आणि जोडीदाराला इथली जात आधीच समजावून सांगा. ती त्याला घरमालकाच्या तोंडून कळू नये. आणि आपण जे इथे आहोत, त्यांनी त्या दोघांना खोली मिळवून द्यावी, लेकराच्या दाखल्यासाठी तहसिलात सोबत जावे. देशाने आपले म्हणायला सात वर्षे घेतली तरी समाजाने तेवढी घेण्याचे कारण नाही.