डब्लिनमध्ये हरीसिंगाचा माग

डब्लिनला गेलेला मराठी प्रवासी पहिल्या संध्याकाळी हमखास टेंपल बारच्या गल्ल्यांत सापडतो. दगडी फरसबंदी, दारांवर टांगलेल्या फुलांच्या टोपल्या, आत फिडल आणि बोरॉन नावाच्या डफावर रंगलेलं गाणं, बाहेर पावसाची भुरभुर. इथले दर पिणाऱ्यालाही झोंबतात. न पिणाऱ्याने ग्राफ्टन स्ट्रीटवर जावं, तिथे रस्त्यावरचे गायक फुकट ऐकायला मिळतात. लिफी नदीवरचा हापेनी पूल १८१६ चा, ओतीव लोखंडाचा. तो ओलांडायला १९१९ पर्यंत अर्धा पेनी मोजावा लागे. आर्थर गिनेसने १७५९ मध्ये बिअरच्या कारखान्याची जागा वर्षाला ४५ पौंडांवर नऊ हजार वर्षांच्या कराराने घेतली, हे इथला गाइड सांगतो आणि ऐकणारे हसतात.

हे सगळं मीही केलं. पण हिंगोलीच्या माणसाला या शहरात आणखी एक काम असतं, आणि माझ्या हाती पडलेल्या एकाही पर्यटन पत्रकात ते नव्हतं.

हिंगोलीत आजही रिसाला बाजार आहे, तोफखाना आहे, पलटण आहे. फौज गेली, वस्त्यांची नावं राहिली. ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी. अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या खजिन्यातून. १८३० च्या आसपास छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा कापडाचा व्यापारी होता. इभ्रतदार माणूस. गोरे साहेबही त्याच्याशी व्यवहार करत, आणि त्यांत फिलिप मेडोज टेलर हा तरुण अधिकारी होता. एकदा हरीसिंगाने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. तो मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालं होतं, फक्त मालक दुसरा होता, हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी. हरीसिंगाने त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेतच संपवलं, माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उजळ माथ्याने विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितलं म्हणून हे उघडकीस आलं. सांगितलं तेही मोठी गंमत केल्याच्या थाटात!

हरीसिंग होता ठगांचा म्होरक्या. त्याच्याच टोळीने छावणीच्या भर बाजारात, मुख्य गार्डापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली आणि पहाऱ्याच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांनी त्या जागा शांतपणे दाखवल्या, तेव्हा टेलर तिथे उभा होता. नदीला मिळणारा एक कोरडा ओहोळ, चराएवढाच रुंद, शेजारच्या गावाकडे निघणाऱ्या रस्त्यालगतचा. एकेका खड्ड्यात कित्येक मुडदे. खड्ड्यामागून खड्डा उघडत गेला आणि शेवटी बघणाऱ्यांनाच मळमळून आलं, तेव्हा खोदकाम थांबलं. नदी म्हणजे आपली कयाधू.

टेलरने ही हकिगत ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’च्या प्रस्तावनेत घातली. कादंबरी १८३९ मध्ये लंडनला निघाली आणि तरुण व्हिक्टोरिया राणीपर्यंत पोहोचली. ज्या मुलखात नामदेवांचं नरसी आणि औंढ्याचा नागनाथ, त्या मुलखाची ओळख सातासमुद्रापार गेली ती गळफासाच्या रुमालाने. याचा राग यावा की गंमत वाटावी, हे माझं अजून ठरलेलं नाही.

आता डब्लिनचा धागा. टेलर जन्मला लिव्हरपूलला, १८०८ मध्ये. वडील पुढे डब्लिनमधल्या एका मोठ्या ब्रूअरीचा कारभार पाहू लागले. मुलगा पंधराव्या वर्षी मुंबईला आला. ज्या पेढीवर नोकरी करायची ती बुडीत निघाली, म्हणून निजामाच्या फौजेत शिरला. पुढे सुरापूर, नळदुर्ग, बुलढाणा असा त्याचा कारभार फिरला. १८६० मध्ये तब्येत ढासळल्यावर तो निवृत्त झाला आणि डब्लिनच्या दक्षिणेला हॅरल्ड्स क्रॉस इथे ‘ओल्ड कोर्ट’ नावाच्या घरात राहू लागला. तुळजापूर, अफजलखान आणि शिवाजी महाराज यांच्याभोवती फिरणारी त्याची ‘तारा’ ही कादंबरी १८६३ ची, म्हणजे या काळातली. दख्खनमधल्या प्राचीन शिलावर्तुळांवरचा त्याचा निबंध रॉयल आयरिश अकॅडमीने छापला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या निमंत्रणावरून तो १८७५ मध्ये पुन्हा हैदराबादला आला आणि परतताना १८७६ मध्ये फ्रान्समधल्या मांतों इथे वारला.

हॅरल्ड्स क्रॉस शहराच्या मध्यापासून पायी पाऊण तासावर. ग्रँड कॅनॉल ओलांडला की गजबज मागे पडते. विटांची बैठी घरं, छोटी बाग, आणि लागूनच माउंट जेरोम हे १८३६ चं कबरस्तान. भुताखेतांच्या कथा लिहिणारा शेरिडन ल फानू इथेच पुरलेला आहे. ठगांच्या कथाकाराला शेजार बरा मिळाला असता!

हे शहर लेखकांवर जगतं. जॉयसच्या ‘युलिसीस’चा दिवस म्हणून १६ जूनला लोक जुन्या धर्तीच्या हॅट घालून रस्त्यावर येतात. २०१० पासून डब्लिन युनेस्कोचं साहित्यनगर आहे. आपल्या मृतांनाही ते नीट मांडून ठेवतं. किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात दलदलीत सापडलेली अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची शरीरं आहेत. ओल्ड क्रोहन मॅन म्हणतात त्याचं डोकं नाही, कमरेखालचा भाग नाही. पण दंडावर चामड्याची विणलेली पट्टी शाबूत आहे आणि बोटांची नखं इतकी नेटकी, की हा हात कष्टकऱ्याचा नव्हे हे कुणीही सांगेल. त्याला मारलं कुणी आणि का, याच्या तर्कांना तिथे भिंतीवर जागा दिली आहे.

तर्क ठगांबद्दलही बदलले आहेत. किम वॅग्नरसारखे इतिहासकार विचारतात, की ज्याचा जीव कबुलीवर टांगलेला आहे अशा साक्षीदाराचं किती मानायचं? १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणं एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरला. भवानीचे भक्त, पिढीजात खुनी, गुप्त भाषा हे चित्र कंपनी सरकारच्या सोयीचं होतं, यात मला शंका नाही. पण हिंगोलीचं प्रकरण निव्वळ कबुलीवर उभं नाही. खड्डे उघडले गेले, बघणारा एकटा टेलर नव्हता. हरीसिंग देवीचा भक्त होता की परवान्याची किंमत ओळखणारा धंदेवाईक, एवढाच प्रश्न उरतो, आणि मला तो दुसराच वाटतो.

आजच्या डब्लिनकरांना टेलर किंवा हिंगोली नव्हे, मराठी म्हटलं की आठवतात ते वराडकर. लिओ वराडकर दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले, २०१७ मध्ये आणि २०२२ मध्ये. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात लिओ कुटुंबासह गावी येऊन गेले.

जाणाऱ्यांसाठी थोडं. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, युरोपचा तो व्हिसा इथे चालत नाही. मात्र भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश योजनेत एका व्हिसावर दोन्ही देश पाहता येतात, त्यावर तसा शिक्का आहे का ते बघून घ्या. राष्ट्रीय संग्रहालयाला तिकीट नाही. डब्लिन कॅसलच्या आवारातल्या चेस्टर बीटी संग्रहालयालाही नाही, आणि तिथली मुघल चित्रं पाहिल्याशिवाय परतू नये. छत्री नेऊ नका, तिथल्या वाऱ्यात ती उलटी होते. टोपीचं जाकीट न्या.