मेण वितळू नये म्हणून

उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेकाठच्या भैरवगढात बाटिकचं काम चालतं. कापडावर गरम मेणाने नक्षी काढायची आणि ते रंगात बुडवायचं. मेण लागलेली जागा कोरी राहते. मेणाला तडे गेले की त्यांतून रंग झिरपतो आणि बारीक रेषांचं जाळं उमटतं. खरं सौंदर्य त्या जाळ्यातच आहे.

पण मेण साठेक अंशांना वितळतं आणि माळव्यातल्या आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल रंग गरम पाण्याशिवाय नीट चढत नाही. नीळ थंड कुंडात चढते, पंचाईत लाल-मरूनची. त्यावर उत्तर जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दिलं. 1912 साली नॅफ्थॉल एएस आलं. कापड आधी कॉस्टिक सोड्यात विरघळवलेल्या नॅफ्थॉलमध्ये बुडवायचं, मग डायझोनियम क्षाराच्या गार द्रावणात. फिक्कट कापड डोळ्यांदेखत लालभडक होतं. रंग धाग्यातच तयार होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून धुतल्यावर जात नाही. मेणही शाबूत राहतं. कारागिराला आणखी काय हवं?

या रंगाच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी असते, तिला ॲझो बंध म्हणतात. हा बंध तुटला की काही रंगांतून ॲरोमॅटिक अमाइन सुटतात, आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. रंगकारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात, हे फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी 1895 मध्येच नोंदवलं होतं. 'फास्ट गार्नेट जीबीसी' या नॅफ्थॉल पद्धतीतल्या क्षाराचा मूळ घटक ऑर्थो-अमायनोॲझोटोल्युइन युरोपच्या निषिद्ध 22 अमाइनांत आहे. जर्मनीने 1994 मध्ये अशा रंगांवर निर्बंध आणले, भारताने 1997 पर्यंत 112 ॲझो रंगांवर बंदी घातली. सगळेच नॅफ्थॉल रंग घातक नाहीत. मात्र पुडीतला क्षार नेमका कोणता, हे तिच्यावर स्पष्ट छापलेलं असणं हा कारागिराचा हक्क आहे, कारण त्या टाकीत हात त्याचे असतात.

सांडपाण्याचं काय? इथे तर उपायावरचा उपायही फसवा ठरू शकतो. प्राणवायू नसलेल्या टाकीतले जिवाणू ॲझो बंध तोडतात. लाल पाणी रंगहीन होतं, बघणारा सुटकेचा नि:श्वास टाकतो, आणि रंगापेक्षा जास्त विषारी असू शकणारी अमाइन त्या निवळलेल्या पाण्यात तशीच राहतात. पुढच्या टाकीत भरपूर हवा खेळवावी लागते. तिथले जिवाणू मग यांतली बरीचशी अमाइन पचवतात. तुरटी-चुन्याने रंग तळाशी बसवला तर गाळ उरतो, आणि तो नाल्यात फेकला की पाऊस त्याला नदीपर्यंत पोचवतो.

दोन टाक्या, हवा फुंकणारा पंप, गाळ ठेवायला पक्की जागा: घरच्या अंगणात रंगवणाऱ्या एका छिपा, म्हणजे कापड छापणाऱ्या, कुटुंबाला हे झेपणार नाही. वस्तीसाठी एक सामाईक शुद्धीकरण केंद्र हवं, आणि त्याचा खर्च कापड विकणाऱ्या-विकत घेणाऱ्यांनीही उचलायला हवा. पाण्याची तपासणी करताना रंग किती उतरला एवढंच न पाहता अमाइनही मोजायला हवीत.