सिनेमातली चिंग लान आणि आमच्या वन्सं

गेल्या वर्षी भाऊबीजेला आम्ही सारी मंडळी मुळशीला वन्संकडे गेलो होतो. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. वयाची सत्तरी उलटली, निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण पुण्याला राहायला यायचं नाव काढीत नाहीत. पौडच्या पुढे दोन खोल्यांचं घर, दारात जास्वंद आणि मागच्या बाजूला भाताची खाचरं. दिवाळीच्या सुमाराला तिथं कापणी चालू असते आणि उघड्या खिडकीतून भाताचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. चकलीचा वाससुद्धा त्याच्यापुढे फिका पडतो!

ओवाळणी झाली, जेवणं झाली. पुरुषमंडळी वामकुक्षीला गेली आणि आम्ही बायका ओसरीवर पान लावीत बसलो. माझी नात तेवढ्यात फोनमध्ये डोकं घालून बसली होती. “काय बघतेस एवढं?” म्हणून विचारलं, तर म्हणाली, “आजी, चिनी मालिका आहे. जुन्या राजेरजवाड्यांच्या काळातली. पण ह्यातली नायिका राजकन्या नाही हं. ती कष्टकरी घरातली मुलगी आहे. स्वतः मिळवते, कुणापुढे वाकत नाही, आणि तरीही तो तिच्यावर प्रेम करतो.”

तिच्या त्या ‘तरीही’वर वन्सं हसल्या. मी म्हटलं, “त्यात नवल ते काय? असली चिनी नायिका आम्ही लहानपणीच पाहिली आहे. आणि ती तर आपल्या सोलापूरची सून!”

नातीला ते खरं वाटेना. मग मी तिला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ शोधायला सांगितलं. १९४६ सालचा, व्ही. शांतारामांचा सिनेमा. स्वतः शांताराम डॉक्टर झाले होते आणि जयश्रीबाई चिंग लान. संगीत वसंत देसायांचं. मी तो शाळेत असताना पुण्यात सकाळच्या खेळाला पाहिला होता. आईचा पदर आणि माझा फ्रॉक, दोन्ही भिजले होते. आता तोच सिनेमा वन्संच्या ओसरीवर, तळहाताएवढ्या पडद्यावर, आम्ही तिघी डोक्याला डोकं लावून पाहू लागलो.

डॉक्टरसाहेब मरतात; चिंग लान कडेवर मूल घेऊन सोलापूरला सासरी येते आणि तिच्या कानात नवऱ्याचे शब्द घुमत असतात, घर असं असेल, आई अशी भेटेल. मी पुन्हा डोळे पुसले. नातीचेही पाणावले. वन्संनी मात्र सुपारी कातरीत विचारलं, “वहिनी, ही बाई सासरी आली खरी. पण तिच्या कामाचं पुढं काय झालं?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी परतल्यावर मी वाचनालयात जाऊन बसले, नातीकडून आणखी माहिती शोधून घेतली. मग जे हाती लागलं, ते सिनेमाहून निराळं होतं, आणि मला विचाराल तर सिनेमाहून सरस होतं.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १९१० चा. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा तरुण. जपानने चीनवर चढाई केली होती आणि तिकडून मदतीची हाक आली. काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हा होता. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याचं कळलं, तरी कोटणीस परतले नाहीत. सोबतचे डॉक्टर यथावकाश मायदेशी आले. कोटणीस तिथंच राहिले, चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले आणि १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. हे बेथून कॅनडाचे. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून १९३९ मध्ये तेही त्याच भूमीत वारले होते.

आता नायिकेकडे येऊ. तिचं खरं नाव ग्वो छिंगलान. डॉक्टर येईपर्यंत ती काही खिडकीत बसून वाट पाहत नव्हती. शिकलेली नर्स होती ती, आणि दुसऱ्यांना नर्सचं काम शिकवीत होती. डोंगरातल्या खेड्यांतून चालणारं ते लढाईचं रुग्णालय. शत्रू जवळ आला की बिऱ्हाड हलवायचं, जखमी माणसं हलवायची, दिवा नसेल तर नसलेल्या दिव्यात काम करायचं. बेथूनच्या समाधीच्या समारंभात १९४० मध्ये तिनं ह्या परक्या डॉक्टरला प्रथम पाहिलं आणि तो चिनी बोलतो ह्याचं तिला कौतुक वाटलं. पुढं एकाच ठिकाणी काम करता करता दोघांची मनं जुळली. १९४१ च्या अखेरीस लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं होतंय तोच, ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघं ३२.

सिनेमाची ‘अमर कहानी’ इथं संपते. पण छिंगलानची नाही संपली. पंचविशी नुकतीच ओलांडलेली ती विधवा, हातात तान्हं पोर आणि भोवती युद्ध. ती चीनमध्येच राहिली. पुढं हिंदुस्थानात आली, सासरच्या माणसांना भेटली, एकदा नव्हे अनेकदा. पण आपलं घर तिनं आपल्याच देशात थाटलं. पोटचा मुलगा वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये गेला. तेही तिनं सोसलं. नवऱ्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. दालियन नावाच्या बंदराच्या शहरात २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, तिनं डोळे मिटले. म्हणजे संसार एक वर्षाचा आणि त्याच्यानंतरचं आयुष्य ७० वर्षांचं! सिनेमावाल्यांना त्या एका वर्षाची गोष्ट दिसली, आणि मलाही इतकी वर्षं तीच दिसत होती.

हे सारं मी वन्संना फोनवर वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “वहिनी, एक गोष्ट बरी झाली. तिला कुणी दाखवायला नेलं नाही. त्यानं तिला पाहिलं ते काम करताना.”

वाचकहो, त्या वाक्यानं माझ्या काळजात चर्र झालं. त्याचं कारण सांगायला हवं.

वन्सं नर्स होत्या. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी ह्या मुळशी खोऱ्यात बाळंतपणं केली. ज्यांनी धरण पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे, की त्या अफाट पाण्याखाली गावं गेली आहेत. त्याच जमिनीसाठी सेनापती बापटांच्या मागं इथले मावळे १९२१ मध्ये सत्याग्रहाला उभे राहिले आणि त्यांच्या बायकाही मागं राहिल्या नाहीत. धरण झालंच. पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरलं, त्याची वीज मुंबईला गेली, आणि वर उरलेल्या वाड्यांना कितीक वर्षं कंदील पुरले. अशा वाड्यांवर वन्सं जायच्या. ताम्हिणीकडचा पाऊस, पायांना जळवा, कधी पलीकडच्या काठाला होडीनं. पिशवीत कात्री, दोरा, स्पिरिट आणि स्वतःसाठी दोन भाकऱ्या. “मुंबईच्या दिव्यांत आमचं पाणी आहे,” त्या गमतीनं म्हणत, “आणि इथं मी बॅटरीच्या उजेडात नाळ कापते.”

त्यांच्या लग्नासाठी मी खटपट केली होती. एक स्थळ आलं. चांगलं घर, मुलगा बँकेत. कांदेपोहे केले. मुलाच्या आईनं विचारलं, “मुलगी काय करते?” आणि मी, आजही लिहिताना हात अडखळतो, मी म्हणाले, “सरकारी खात्यात आहे. पुण्याजवळच.” नर्स हा शब्द मी गिळला. त्या काळी आमच्यासारख्या घरांतून तो शब्द पाहुण्यांपुढे काढीत नसत. रात्रीबेरात्री बाहेर जाणारी, परक्याच्या घरी बाळंतपण करणारी मुलगी! तेवढ्यात वन्सं चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “मी नर्स आहे. मुळशीत असते. गेल्या आठवड्यात चार बाळंतपणं केली.” पोहे ताटल्यांत राहिले. स्थळ परत गेलं. त्यानंतर वन्संनी दुसरं पाहू दिलं नाही. ह्या गोष्टीबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

म्हणून त्या दिवशी फोनवरच मी म्हटलं, “वन्सं, तेव्हा मी खोटं बोलले. माझं चुकलं.”

“कधी?” त्यांनी विचारलं. पण त्यांना कळलं होतं. मग हसून म्हणाल्या, “असू द्या वहिनी. पोहे मात्र फार छान झाले होते. नंतर मी एकटीनं संपवले.”

आता हे सगळं आजच का सांगते? तर माझ्या नातीनं बारावीनंतर नर्सिंगला जायचं ठरवलंय. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, ते पसंत नाही. “एवढे गुण मिळवणारी मुलगी, डॉक्टर का होत नाही?” हा त्याचा धोशा. पूर्वी मीच त्याची री ओढली असती. कोटणीसांसारखा डॉक्टर घरात झाला तर कुणाला नको आहे? पण त्या डोंगरातल्या रुग्णालयात छिंगलान नसती, तिनं शिकवून तयार केलेली माणसं नसती, तर एकट्या डॉक्टरच्या हातून किती जीव वाचले असते? हा प्रश्न मी मुलाला विचारला. त्यानं उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी अर्जाला लागणारे फोटो काढायला लेकीला तोच स्कूटरवर घेऊन गेला.

परवा शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. म्हणाल्या, “नात पुढं काय करणार?”

“नर्सिंगला जाणार आहे,” मी म्हटलं. “घरातच आहे ते. आमच्या वन्सं नर्स होत्या, मुळशीत.”

काकू “हो का? मला माहीत नव्हतं,” म्हणाल्या आणि लाडवाचं विचारू लागल्या. त्यांना कुठून माहीत असणार? एवढं साधं वाक्य पाहुण्यांपुढे बोलायला मला चाळीसहून अधिक वर्षं लागली होती.